माळाखालची ठेव

१ जुलै २०१६ला महाराष्ट्रात एका दिवसात २ कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला गेला. पुढे आकडे चढत गेले: ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. एवढ्या रोपांना जागा हवी. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेत ती जागा हटकून माळावर शोधली जाते. मुरमात खड्डे पडतात आणि जिथे कुसळी गवत डुलत होतं तिथे गिरिपुष्पाची झाडं उभी राहतात.

माळ उघडा दिसतो, म्हणून तो उजाड झालेलं जंगल असावा, हा समज यामागे आहे. त्याला इंग्रजी अमदानीतल्या महसुली नजरेनं बळ दिलं. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक. स्वातंत्र्यानंतरही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात माळरानं जात राहिली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली या समजाला धक्का दिला. तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, ओव्या, लोककथा चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या रानटी वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यातल्या बहुसंख्य माळाच्या निघाल्या. निदान साडेसातशे वर्षं हा मुलूख माळाचाच आहे. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण तो याच मातीतल्या माणसांनी सांगून ठेवला आहे.

आता कार्बनचं. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं पावसाळ्यात हवेतला कार्बन ओढून घेतात आणि त्याचा मोठा वाटा मुळांत उतरवतात. दिवाळीनंतर पाती वाळतात, पण ठोंब जिवंत असतो. दरवर्षी काही मुळं मरून कुजतात. त्यांतला थोडा कार्बन मातीच्या कणांना धरून दीर्घकाळ टिकतो. जगभरच्या मातीच्या वरच्या एका मीटरात वातावरणाच्या सुमारे दुप्पट कार्बन आहे असं मानतात, आणि गवताळ प्रदेशांची ठेव मुख्यतः इथेच असते. वणवा लागला तर वरचं गवत जळतं, खालची ठेव बहुतांशी शाबूत राहते. झाडाचा बराचसा कार्बन खोडाफांद्यांत असतो, तो आगीत जाऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१८ साली प्रारूपांवरून हेच मांडलं: वणवे आणि अवर्षण वाढत असलेल्या तिथल्या प्रदेशात जंगलापेक्षा गवताळ रान अधिक भरवशाचं.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचं घनदाट रान हेक्टरी माळापेक्षा कितीतरी जास्त कार्बन धरतं, यात वाद नाही. पण पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड जमिनीवर तसं रान उभं राहत नाही. खड्डे खणताना, नांगर घालताना माती उघडी पडते, जिवाणू साठलेला कार्बन फस्त करतात आणि तो हवेत परततो. गेलेली ठेव भरून यायला काही दशकं लागतात.

दुष्काळात माळाची खरी किंमत कळते. पिकं करपली तरी पहिल्या दोन सरींत ठोंबाला हिरवे कोंब येतात. त्यावर दख्खनी मेंढ्या जगतात, आणि मेंढ्यांवर धनगरांचे वाडे. तीच मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतं. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक पक्षी यांचं घरही तेच. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

इंदापुरातल्या कडबनवाडीला वनविभागानं माळाची सफारी सुरू केली, हे चांगलं पाऊल. पण २०३०पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषण्याचं भारताचं पॅरिस करारातलं वचन वनं आणि वृक्षाच्छादन यांच्याच भाषेत आहे. त्यामुळे रोप लावणाऱ्याच्या खात्यात आकडा पडतो. माळ राखणाऱ्या गावाच्या खात्यात काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांना वाहिलं आहे. निदान त्या निमित्तानं पडीक जमिनींच्या यादीतून माळरानं वगळावीत, रोपवनाआधी गवताची पाहणी सक्तीची करावी, आणि चराई कुठे, किती व कोणत्या महिन्यात हे ठरवताना धनगरांना बैठकीत बसवावं.