चिंचगुळातील भाजलेली कोंबडी



बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात अशी असंख्य घरे आहेत, की जेथे दिवाळीच्या सुमारास केवळ म्हातारी माणसे व लहान मुले मागे उरतात. कर्ती मंडळी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नींच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात, आणि पाचसहा महिने तिचा संसार उसाच्या फडाजवळील कोपीत चालतो. फाल्गुन-चैत्रात ही मंडळी परतली म्हणजे सारे कुटुंब पुन्हा एका पंक्तीला बसते. त्या रात्रीच्या जेवणास शोभेल असा एक पदार्थ आज सांगावयाचा आहे.

“कोंबडीत गूळ कसा?” असे वडील मंडळी विचारतील. परंतु आमटीत आपण चिंच व गूळ घालतोच. आंबटाने गोडाचा मिट्टपणा जातो आणि गोडाने तिखटाची धार बोथट होते. शिवाय नवी चिंच याच दिवसांत घरात येते.

सहा माणसांना १ किलो कोंबडी पुरे. तिला ५० ग्रॅम चिंच, ७५ ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, दोन लहान चमचे तिखट, तितकीच धने-जिरेपूड, दीड लहान चमचा मीठ व दोन मोठे चमचे तेल लागते.

चिंच कोमट पाण्यात भिजवून घट्ट कोळ काढावा. मोठ्या तुकड्यांना चिरा देऊन निम्मा कोळ, वाटण, तिखट, मीठ व तेल चोळावे. अर्धा तास पुरतो. आंबटाचा परिणाम मांसाच्या वरच्या थरावरच होतो. फार वेळ ठेवल्यास तो थर मऊ न होता भुसभुशीत होतो. चैत्रातल्या उन्हाळ्यात कच्चे मांस उघड्यावर अधिक वेळ ठेवणे धोक्याचेही आहे. भांडे कल्हई केलेले वा स्टीलचे असावे, कारण चिंचेतील आम्ल पितळेला व तांब्याला खाते.

भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर पसरून त्यावर तुकड्यांची थाळी ठेवावी. निखारे खाली थोडे व झाकणावर अधिक असावेत. म्हणजे बूड करपत नाही आणि वरून रंग येतो. विजेची भट्टी असल्यास उष्णता १९० अंश सेल्सिअस ठेवावी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. निखाऱ्यांवर थोडा वेळ अधिक.

उरलेला कोळ, गूळ व धने-जिरेपूड वेगळ्या भांड्यात उकळून मधासारखी दाट करावी. हा रस प्रारंभी मुळीच लावू नये, हीच या कृतीतील मुख्य गोष्ट. साखर मांसाआधी करपते; मग वरून काळे व आतून कच्चे अशी फसगत होते. शेवटची दहा मिनिटे उरली असता रस दोनदा लावावा, म्हणजे तांबूस तकाकी येते.

रंगावर मात्र विसंबू नये. हाडाजवळच्या जाड भागात सुरी खुपसून पाहावी. पाणी स्वच्छ निघाले पाहिजे. तापमापक असल्यास तेथे ७४ अंश दिसावेत. कच्च्या कोंबडीने पोटाचे गंभीर विकार होतात आणि त्यांचा पहिला फटका बालकांना व वृद्धांना बसतो. कच्च्या मांसाची सुरी व पाट धुतल्यावाचून कांद्यास लावू नयेत.

ज्वारीची भाकरी, चिरलेला कांदा व लिंबाची फोड एवढे सोबत पुरे.

शेवटी एक विनंती. फडावरील स्त्री पहाटे उठून भाकरी भाजते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. म्हणून घरी परतल्याच्या दिवशी तरी हा स्वयंपाक तिच्यावर टाकू नये. घरी राहिलेल्यांनी करावा आणि पहिले ताट तिला वाढावे. कृती सोपी करून सांगितली ती याचसाठी.