अंबाड्याची पोलादी पट्टी

अमेरिकेतील दुकानांत ‘बन मेकर’ नावाने मिळणारी, कापडात शिवलेली पट्टी लांब केसांचा अंबाडा आकड्यांशिवाय बसवते. तिच्या पोटात पातळ पोलाद असते. मोजपट्टीप्रमाणे त्याला रुंदीत किंचित बाक असल्याने ते ताठ राहते, मात्र टोके दाबताच झटकन वळून त्याचे कडे होते. विस्कॉन्सिनमधील शिक्षक स्टुअर्ट अँडर्स यांनी १९८३ मध्ये याच गुणावर मनगटावर आपटून बसणारे कडे बनवले. १९९० च्या सुमारास अमेरिकी शाळांत त्याचे वेडच पसरले.

केस एकत्र घेऊन पट्टीच्या फटीतून ओवावेत, पट्टी केसांच्या टोकांपर्यंत सरकवावी, मग गुंडाळत मानेपर्यंत आणून तिची टोके खाली वळवावीत. कडेने केस पसरले की पट्टी झाकली जाते. कमरेखालच्या केसांना ती पुरत नाही. तेथे आपले आकडे आणि जाळीच बरी.

सैल गुंडाळी ओघळते, म्हणून ती आवळण्याचा मोह होतो. खरा धोका तेथे आहे. रोज एकाच जागी ताण पडल्यास कपाळाकडचे व कानशिलांवरचे केस विरळ होतात. केसांची मुळे दीर्घकाळ दुखावली तर ते पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकी लष्करानेही २०२१ मध्ये महिला सैनिकांना अंबाड्याऐवजी पोनीटेलची मुभा दिली. केसांची हानी आणि हेल्मेट नीट न बसणे ही कारणे त्यामागे होती. भरतनाट्यमच्या वर्गाला जाणाऱ्या मुलींचा अंबाडाही वर्ग संपताच सोडावा, आणि डोके ठणकत असेल तर त्याआधीच.