इंजिनालाही सबर हवा

आमचा एक भाचा ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला नोकरी करतो. तीन वर्षे पैसे साठवून त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. थंडीच्या दिवसांत कामावर जायला उशीर होई, म्हणून गल्ली संपताच तो गाडी पिटाळत असे. एका सकाळी इंजिनातून ठकठक आवाज आला. बेअरिंग गेले होते. अम्मीला उमऱ्याला नेण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम दुरुस्तीत गेली. फोनवर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मामू, पाण्याचा काटा तर मधोमध आला होता!"

चूक नेमकी इथेच होते. डॅशबोर्डवरचा तो काटा पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नाही. पाणी लवकर तापते. तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. काटा मधोमध आला तरी तेल अजून गारच असू शकते.

थंड तेल घट्ट असते. थंडीत गोठलेले तूप आणि कढईतले पातळ तूप यांत जो फरक, तसाच काहीसा प्रकार इथे असतो. घट्ट तेल बारीक फटींत सहज फिरत नाही. शिवाय धातू तापल्यावर प्रसरण पावतात, पण सगळे सारखे नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा सुमारे दुपटीने फुगतो. म्हणून इंजिनाच्या भागांमधली जागा गरम अवस्थेचा हिशेब धरून ठेवलेली असते. थंड इंजिनावर जोर दिला की झीज वाढते.

हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. बीएमडब्ल्यूने 2000 साली आणलेल्या एम3 गाडीचे 3.2 लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला सुमारे 8000 फेऱ्यांपर्यंत जाते. तिच्या फेरेमापकावर नारंगी दिवे आहेत. तेल थंड असताना ते खालच्या आकड्यापासूनच पेटलेले असतात आणि तेल तापेल तसे एकेक करून विझतात. जणू गाडीच सांगते, "अजून थोडा दम धर." फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या गाड्यांत तर सुरू करण्याआधीच गरम द्रव फिरवून इंजिन तापवतात.

मग गाडी दारात अर्धा तास चालू ठेवावी का? नाही. उभ्या गाडीत तेल फार हळू तापते. थंड इंजिनात जास्त पेट्रोल सोडले जाते. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन टाकते आणि खाली तेलात मिसळते. गिअरबॉक्स आणि टायर तर जागच्या जागी तापतच नाहीत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.

योग्य रीत सोपी आहे. गाडी सुरू करा, सीटबेल्ट लावा, बिस्मिल्लाह म्हणा आणि हळू निघा. पहिली दहा-पंधरा मिनिटे फेरे कमी ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. तेलाचा काटा असेल तर त्यावर नजर ठेवा. कंपनीने सांगितलेलेच तेल वेळेवर बदला. टर्बोची गाडी असेल तर पोहोचण्याआधीची शेवटची काही मिनिटेही संथ चालवा. म्हणजे तापलेल्या टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो. आज आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांतही टर्बो असतो, म्हणून ही गोष्ट केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही.

आपल्या तरुणांना वेगाची हौस असते, त्यात नवल नाही. पण भरधाव गाडीची जागा शर्यतीचा ट्रॅक आहे. मोहल्ल्याच्या रस्त्यावर कुणाचे तरी मूल खेळत असते. घाम गाळून मिळवलेला माल ही अल्लाहची अमानत आहे, आणि तो बेफिकिरीने उडवणे हाही इसराफच.

भाचा आता सकाळी दहा मिनिटे आधी निघतो. उमऱ्यासाठीची रक्कम त्याने पुन्हा पहिल्यापासून जमवायला घेतली आहे. अल्लाह त्याच्या अम्मीची इच्छा लवकर पूर्ण करो. आमीन.