दूरच्या विद्यार्थ्याचा वार

गरीब विद्यार्थ्याला आठवड्यांतील एक दिवस नेमून देऊन त्या दिवशीं आपल्या पंक्तीस जेवूं घालावयाचें, ही चाल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत होती. सात घरचे सात वार मिळाले, म्हणजे खेड्यांतून पुण्यास आलेल्या मुलाची सोय लागे. परक्या मुलाच्या विद्येचा भार उचलणें आपणांस नवें नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. कारण येथें ज्या मुलांविषयीं लिहावयाचें आहे, तीं निराळ्या देशाचीं, निराळ्या भाषेचीं आहेत.

जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील गोठणगांवाजवळ, इ. स. १९७२ मध्यें तिबेटी निर्वासितांची वसाहत वसविण्यांत आली. (१ मे १९९९ पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यांत मोडतो.) वसाहतीचें नांव नोर्ग्येलिंग. थंड पठारावरचे हे लोक विदर्भाच्या उन्हांत भातशेती करूं लागले. हिंवाळा आला, कीं पुष्कळ कुटुंबें लोकरी कपडे विकण्यासाठीं शहरांची वाट धरतात. शेती पावसावर आणि धंदा थंडीवर अवलंबून. अशा मिळकतींत मुलांचें शिक्षण निर्वेध कसें चालावें? त्यांतून वरच्या इयत्तांसाठीं अनेक मुलांना दूरच्या निवासी शाळांतच जावें लागतें.

हा प्रश्न तिबेटी समाजापुढें आरंभापासून होता. मार्च १९५९ मध्यें दलाई लामा भारतांत आले. त्यांच्यामागून हजारों लोक आले आणि त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास हिमालयांतील रस्त्यांचें काम आलें. त्या कामाच्या तळांवर मुलांचे फार हाल झाले. १७ मे १९६० रोजीं अशीं ५१ मुलें धर्मशाळेस आलीं, आणि दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनीं त्यांचा सांभाळ पत्करला. १९६४ मध्यें त्या निवर्तल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनीं तें कार्य वाढविलें. भारत सरकारनेंही १९६१ मध्यें तिबेटी मुलांच्या शाळांसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें. तरी निवासाचा, कपड्यांचा, पुस्तकांचा खर्च उरतोच. त्यासाठीं पालकत्वाची रीत पडली: एका कुटुंबानें एका मुलाचा खर्च पत्करावयाचा, पैसे संस्थेकडे जावयाचे आणि मुलाचें पत्र त्या कुटुंबाकडे यावयाचें.

या रीतींतील मर्म आपणांस चटकन्‌ उमगेल. वाराच्या अन्नांत माया असे, तसा कधीं कधीं कमीपणाही असे. सात घरांच्या मर्जी त्या एका पोरानें सांभाळावयाच्या! पुण्यास १९०९ मध्यें निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानें अशा मुलांना एक हक्काचें घर दिलें. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेनें भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घरोघरचे लहान निधि गोळा केले. दाता अनेक, पण हात संस्थेचा. त्यामुळें मुलीची मान ताठ राहिली.

म्हणून ज्यांना असें पालकत्व घ्यावयाचें असेल, त्यांनीं दोन गोष्टी मनाशीं ठरवाव्या. पहिली अशी, कीं रक्कम थोडी असली तरी चालेल, परंतु मूल शिकून बाहेर पडेपर्यंत ती थांबूं नये. मध्येंच बंद पडलेला वार उपाशी ठेवतो, पण मध्येंच बंद पडलेली मदत शाळा सोडावयास लावते. दुसरी ही, कीं मुलाच्या पत्रांत आभार शोधूं नयेत. अभ्यास विचारावा, आणि तो तिबेटी शिकतो ना, हेंही विचारावें. भारतांत नष्ट झालेले कितीतरी संस्कृत ग्रंथ केवळ तिबेटी भाषांतरांच्या रूपानें उरले आहेत. आपल्या पूर्वजांची विद्या ज्या भाषेनें जपली, ती भाषा शिकणाऱ्या मुलाला हातभार लावणें, याला दान म्हणण्यापेक्षां जुन्या ऋणाचा एक हप्ता म्हणणेंच अधिक शोभेल.