राक्षस जड हवा की चपळ?

दोन अजस्र प्राणी भर शहरात झुंजत आहेत, एकाने आख्खी इमारत उपटून दुसऱ्याच्या डोक्यात घातली आहे आणि समोर बसलेली मुले आनंदाने ओरडत आहेत, हे दृश्य घरातील आजी-आजोबांना आता नवे राहिलेले नाही. "हा कसला मेला खेळ!" असे म्हणून आपण वर्तमानपत्रात डोके घालतो. परंतु हे खेळ आवडीने खेळणाऱ्यांचे बोलणे कान देऊन ऐकले, तर त्यांच्यात एक वाद वर्षानुवर्षे चालू असल्याचे आढळते. तो वाद ऐकण्याजोगा आहे, म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

वाद असा की, डोंगराएवढ्या राक्षसाने हलावे कसे? चटकन की सावकाश?

चपळाईच्या बाजूचे खेळाडू २००२ सालच्या 'गॉडझिला : डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स मेली' या खेळाचे नाव घेतात. अमेरिकेतील पाइपवर्क्स या कंपनीने तो तयार केला. एका वेळी चौघांनी बसावे, आपापला राक्षस निवडावा, हाताला लागेल ती इमारत उचलून फेकावी, असा सारा मामला. पुढल्याच वर्षी, २००३ साली, 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स' आला. त्यात तर राक्षस इमारतींवर चढतात आणि मोटारी उचलून भिरकावतात. या मंडळींचे म्हणणे सरळ आहे. बटण दाबले की ठोसा बसला पाहिजे. भावंडे शेजारी बसून खेळणार, तर डाव रंगला पाहिजे. नुसते भव्य दिसून काय उपयोग?

दुसऱ्या बाजूचे खेळाडू २०१४ साली जपानमध्ये निघालेल्या 'गॉडझिला' या खेळाची कड घेतात. पुढील वर्षी तो पाश्चात्य देशांतही आला. त्यातील गॉडझिला आरंभी ५० मीटर उंच असतो आणि शहर उद्ध्वस्त करीत मोठा होत जातो. पण त्याचे वळणे म्हणजे जणू भरलेली बैलगाडी अरुंद बोळात वळवणे! वळण्यासाठी बटणेही निराळी. परीक्षकांनी या खेळाला फार कमी गुण दिले आणि अनेक खेळाडू कंटाळले. तरीही जुने भक्त हटले नाहीत. त्यांचे उत्तर असे की, गॉडझिला आहे तो, माकड नव्हे. तो सावकाशच वळणार.

आमच्या मते या भक्तांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यासाठी १९५४ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला 'गोजिरा' हा चित्रपट जपानमध्ये झळकला. राक्षसाच्या जड पोशाखात शिरून हारुओ नाकाजिमा हे नट घामाघूम होत चालत असत. चाल साधावी म्हणून प्राणिसंग्रहालयात जाऊन त्यांनी हत्तीची चाल न्याहाळली होती. चमत्कृतिदृश्यांचे काम एइजी त्सुबुराया यांच्याकडे होते. कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवून चित्रण करावयाचे आणि पडद्यावर ते नेहमीच्या गतीने दाखवावयाचे, ही त्यांची युक्ती. त्यामुळे माणसाएवढ्या उंचीच्या नमुन्याची इमारतही सावकाश कोसळताना दिसे.

सावकाश दिसले की मोठे का वाटते, याचे कारण आपल्या डोळ्यांना ठाऊक असते. दीड मीटरवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आसपास जमिनीवर येते. ५० मीटरवरून सुटलेल्या दगडाला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. राक्षस चपळ केला की इमारती खोक्यांसारख्या पडतात आणि राक्षस पोशाखातला पहिलवान वाटू लागतो. सावकाश केला की खेळाडूच्या हाताला मुंग्या येतात. खेळ बनवणाऱ्यांची खरी कोंडी हीच आहे. मलेशियातील एका कंपनीने २०२२ साली काढलेल्या 'गिगाबॅश' या चौघांच्या खेळात मधली वाट शोधली आहे. लढता लढता शक्ती साठली की तिथला प्राणी आणखी अवाढव्य होतो.

परंतु जडपणा केवळ शरीराचा नसतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर तिची विषारी राख पडली. नौकेवर २३ जण होते. त्यांतील बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. पकडून आणलेली मासळी फेकून द्यावी लागली. समुद्रावर भिस्त ठेवून जगणाऱ्या बेटांवरील माणसांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. त्याच वर्षीच्या चित्रपटात गोजिरा बाँबच्या चाचण्यांमुळे चवताळून समुद्रातून वर येतो. त्याच्या मागे इस्पितळात जखमींच्या रांगा लागतात, आणि जळत्या शहरात एक आई लेकरांना कवटाळून बसलेली दिसते. तो हळू चालतो, कारण त्याला कोणीही थांबवू शकत नाही.

खेळांतील बहुतेक इमारती मात्र रिकाम्याच पडतात. आत कोण राहत होते, हे कोणी विचारत नाही, आणि पुढच्या डावाला शहर पुन्हा जसेच्या तसे उभे राहते. खेळ म्हणून त्यात गैर काही नाही. मुलांनी खुशाल चपळ राक्षस लढवावेत. चौघांच्या डावाला चपळ राक्षसच बरा, हेही आम्ही मान्य करतो. मात्र नातवंडाने "हा इतका हळू का चालतो?" असे विचारले, तर "बनवणाऱ्यांना जमले नाही" एवढ्यावर विषय मिटवू नये. १९५४ चा तो काळा-पांढरा चित्रपट मिळवून, जाणत्या मुलांना शेजारी बसवून एकदा पाहावा, आणि त्या मासेमारी नौकेची गोष्टही त्यांना सांगावी.