औषधापूर्वीचे एक मिनिट

रुग्णालयात सकाळची औषधे देण्याची वेळ झाली आहे. परिचारिका एका वृद्ध रुग्णाच्या खाटेजवळ येते. तिच्या हातातील तबकात एक लहानशी गोळी आहे. परंतु ती देण्याची घाई ती करीत नाही. रुग्णाच्या छातीवर डाव्या बाजूस ती स्टेथॉस्कोप टेकविते आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजते. ठोके ५२ भरतात. गोळी बाजूस ठेवून ती हा आकडा नोंदपत्रकात लिहिते व डॉक्टरांना कळविते. पाहणाऱ्यास वाटेल की, रुग्ण आज औषधास मुकला. वस्तुतः ही न दिलेली गोळीच त्याचे प्राण वाचविणारी ठरण्याचा संभव असतो.

ही गोळी डिगॉक्सिनची होय. तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग नावाच्या वैद्याचे लक्ष १७७५ मध्ये श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती औषधाकडे वेधले गेले. अंगावर पाणी साचून सूज आलेल्या रोग्यांना ती अनेक वनस्पतींचा काढा देत असे. त्या मिश्रणातील गुणकारी वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हीच असली पाहिजे हे विदरिंगने ओळखले. दहा वर्षे दीडशेहून अधिक रोग्यांवर तिचा उपयोग करून १७८५ मध्ये त्याने आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मळमळ, वांती, वस्तू पिवळ्या वा हिरव्या दिसणे आणि नाडी अतिशय मंद होणे ही अतिमात्रेची लक्षणे त्याने त्यात प्रामाणिकपणे नोंदविली. औषधाचा परिणाम दिसू लागताच ते थांबवावे, हा त्याचा उपदेश होता. पुढे १९३० मध्ये सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने याच कुळातील दुसऱ्या एका जातीच्या पानांतून डिगॉक्सिन वेगळे केले.

डिगॉक्सिनमुळे हृदयाच्या पेशींतील कॅल्शियम वाढते व हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. त्याचबरोबर हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत्संदेश मंदावतात व ठोक्यांची गती उतरते. परंतु गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे असते. शिवाय मूत्रपिंडे निरोगी असली, तरी शरीरातील निम्मे औषध बाहेर पडण्यास सुमारे दीड दिवस लागतो. मूत्रपिंडे दुर्बळ असल्यास औषध साचत जाते आणि काल हितकर असलेली मात्रा आज अपायकारक होते. म्हणूनच प्रत्येक वेळी ठोके मोजणे अवश्य असते. प्रौढ रुग्णाचे ठोके मिनिटास ६० पेक्षा कमी असल्यास गोळी न देता डॉक्टरांना विचारावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मुलांचे हृदय स्वभावतःच जलद चालत असल्याने त्यांची मर्यादा निराळी असते.

मनगटावरील नाडी सोडून छातीवरच ठोके का मोजावयाचे, असा प्रश्न कोणासही पडेल. हृदयाची लय बिघडली असता काही ठोके इतके दुर्बळ असतात की, त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. लय अनियमित असल्यामुळे १५ सेकंद मोजून चौपट करण्याची युक्तीही येथे फसवी ठरते.

केवळ ठोके मोजून मात्र भागत नाही. अशा रुग्णांस पुष्कळदा लघवी वाढविणारी औषधेही दिलेली असतात. त्यांपैकी काहींमुळे लघवीवाटे पोटॅशियम निघून जाते, आणि रक्तातील पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम त्याच मात्रेत वाढतो. म्हणून परिचारिका रक्ततपासणीचा आकडा पाहते. अन्नावरची वासना गेली आहे काय, दृष्टीत काही फरक वाटतो काय, हेही विचारते. मात्रा वाचतानाही ती सावध असते. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दसपट होते.

रक्तदाबाच्या औषधांस हाच न्याय लागू पडतो. ॲटेनोलॉलसारखी औषधे रक्तदाबाबरोबर ठोक्यांची गतीही कमी करतात. तेव्हा ती देण्यापूर्वी दोन्ही मोजावी लागतात. ती एकाएकी बंद केल्यास छातीत कळा येण्याचा धोका असतो. अनेक औषधांमुळे रुग्ण एकदम उभा राहिला असता रक्तदाब उतरून त्यास घेरी येते. म्हणून त्याने प्रथम उठून बसावे, क्षणभर पाय खाली सोडावेत व मग सावकाश उभे राहावे.

या बाबतीत भारताचा अनुभवही ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणावर लेख लिहिला, आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. तिच्यापासून १९५२ मध्ये वेगळे केलेले रेझर्पिन पुढे जगभर वापरात आले. परंतु त्याने काही रुग्णांच्या मनावर खिन्नतेचे सावट पडते असे आढळले. रुग्ण अबोल झाला आहे, जेवत नाही, ही गोष्ट कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. ती जवळ बसणाऱ्या माणसासच दिसते.

घरी औषधे घेणाऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. एक मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, आणि बरे वाटते म्हणून डॉक्टरांस न विचारता औषध सोडू नये. औषधाचे सामर्थ्य वनस्पतीतून वा प्रयोगशाळेतून येते. त्याची सुरक्षितता मात्र देणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते. त्या दक्षतेची किंमत पुष्कळदा एका मिनिटाहून अधिक नसते.