बैलाच्या पापणीतलं तेल आणि आपले कोरडे डोळे

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडे खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. पापण्यांना मात्र कुणी तूप लावत नाही, आणि ते बरंच आहे. तिथलं तेल बैल स्वतःच तयार करतो. आज त्या तेलाबद्दल बोलू, कारण हिवाळ्यात हाइट्सुंग सुरू झालं की भारतातून आलेल्या आईबाबांचे डोळे चुरचुरू लागतात, ते याच तेलाशी जोडलेलं आहे.

पापणीच्या कडेला, केसांच्या जरा आत, बारीक छिद्रांची ओळ असते. तिथे तैलग्रंथी उघडतात. आपल्या वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांचं नीट वर्णन 1666 मध्ये हेल्मश्टेट विद्यापीठातल्या हाइनरिश माइबोम या डॉक्टरने केलं. जर्मन डॉक्टर आजही त्यांना ‘माइबोम-ड्र्यूझन’ म्हणतात. ते विद्यापीठ 1810 मध्ये बंद पडलं, पण त्याची जुनी देखणी इमारत उभी आहे.

आता बैल कशाला? माणसाच्या पापणीतून तपासायला मिळणारं तेल अगदी टिचभर. कत्तलखान्यातून गुरांच्या पापण्या मिळत असल्यामुळे अभ्यासकांना तिथे भरपूर माल मिळाला. अमेरिकेत निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये बैलाचं आणि माणसाचं तेल शेजारी ठेवून तपासलं. दोन्ही हुबेहूब नाहीत, पण घडण एकाच जातीची.

ही घडण तुपासारखी नाही, हे लक्षात घ्या. तुपात एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. पापणीच्या तेलात तसले रेणू थोडेच. मोठा वाटा दोन गटांचा. एकात मेदाम्ल लांब साखळीच्या अल्कोहोलला जोडलेलं असतं, मधमाशीच्या मेणातही असतं तसं. दुसऱ्यात ते कोलेस्टेरॉलला जोडलेलं असतं. (हो, तेच रक्ततपासणीतलं कोलेस्टेरॉल. इथे ते कामाला आलंय!) साखळ्या खूप लांब, पण काहींना टोकाशी फाटा फुटलेला, काहींत दुहेरी बंध. त्यामुळे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि हे मेण पापणीच्या उबेला मऊ राहतं. थोडे रेणू असेही असतात की त्यांचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं. त्यांच्यामुळे तेल अश्रूंवर पसरतं.

हा थर अश्रूंचं पाणी उडून जाऊ देत नाही. ग्रंथीतलं तेल घट्ट झालं, तोंड बुजलं, की पाणी लवकर सुकतं, डोळा चुरचुरतो, आणि गंमत म्हणजे त्या जळजळीनेच वाहूही लागतो. म्हणून ‘माझे डोळे गळतात, कोरडे कसे?’ हा आईचा प्रश्न रास्त आहे. ग्रंथी तुंबून आलेल्या गाठीला जर्मनमध्ये ‘हागेलकोर्न’ म्हणतात, म्हणजे गारेचा दाणा. आपली रांजणवाडी वेगळी, तिला इथे ‘गेर्स्टेनकोर्न’ म्हणतात.

उपाय तेलाच्या स्वभावातच आहे. मिटलेल्या डोळ्यांवर सोसेल इतकं कोमट, स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं ठेवायचं. मग वरची पापणी हलक्या बोटाने खाली आणि खालची वर, म्हणजे केसांच्या दिशेने चोळायची. आजीचं काजळ थेट त्या छिद्रांच्या ओळीवर नको. काही काजळांत शिसंही सापडतं. डोळ्यात तूपही घालू नका. दुखत असेल, लाल झालं असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर सरळ आउगेनआर्ट्स्टकडे जा.